विंगेतला डूख

माझ्या वडिलांना राग येतो आणि अर्ध्या तासात उतरतो. आईला राग येतच नाही, निदान दिसत तरी नाही. मी कुणावर गेले देव जाणे, पण मी डूख धरते. पहिलीत माझी पेन्सिल तोडणाऱ्या मुलाचा चेहरा मला आजही पाठ आहे आणि तो कुठे भेटलाच तर मी ओळख दाखवणार नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी कुठेही मोठ्या मनाने वागलेले नाही.

वडील डॉक्टर. नोकरीच्या निमित्ताने नाशिकहून जयपूरला आले आणि तिलक नगरात घर घेऊन इथलेच झाले. माझा जन्म जयपूरचा. इथल्या मराठी मुलांचं मराठी म्हणजे आईबापांपुरतं. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, आणि घरी 'मतलब' लावल्याशिवाय वाक्य सुरू होत नाही. माझी गोष्ट वेगळी होती, कारण माझी आई दर रविवारी मराठी मंडळातल्या मुलांना मराठी शिकवायची आणि उरलेले सहा दिवस मला. जेवताना 'भैया' म्हटलं तरी ताटातली पोळी माझ्याआधी ती उचलायची.

मंडळाच्या गणपतीत दरवर्षी मुलांचं नाटक व्हायचं, तालमी मे महिन्यापासूनच. ते कसं बसायचं हे सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. महाराष्ट्रातून कुणीतरी संहितेची पुसट झेरॉक्स आणायचं. माझी आई ती मोठ्या टपोऱ्या अक्षरात वहीत उतरवायची, प्रत्येक मुलासाठी वेगळी वही. मुलांना अक्षरं वाचता यायची, हिंदीचीच अक्षरं ती, पण अर्थाच्या नावाने ठणठणाट. ती आपली मंत्रासारखी घोकायची. त्यामुळे एखादं पोर रंगमंचावर एका शब्दावर अडलं की संपलं. पुढचं आपल्या मनाने जुळवायला त्याच्याकडे मराठीच नसायचं. म्हणून आमच्या नाटकात नायक, नायिका कुणीही असो, नाटक चालायचं ते प्रॉम्प्टरवर. विंगेत स्टुलावर बसायचं, गुडघ्यावर वही, हातात छोटी बॅटरी, आणि पोर अडतंय असं दिसलं की पुढचे दोन शब्द त्याच्या कानापर्यंत पोचतील आणि प्रेक्षकांपर्यंत पोचणार नाहीत अशा बेताने टाकायचे. नववीपासून हे काम माझ्याकडे होतं.

माझं मराठी चांगलं म्हणून मला प्रॉम्प्टर केलं, असं सगळे सांगायचे. खरं कारण मी ऐकलं होतं. नाटक बसवणाऱ्या काकू वैशाली नगरात राहायच्या, तालमी त्यांच्याच हॉलमध्ये व्हायच्या, आणि त्यांचा आवाज स्वयंपाकघरातून हॉलमध्ये सहज यायचा. "हिची चाल मुलाची आहे हो. साडी नेसवली तरी लपायची नाही," असं त्या आईला म्हणाल्या होत्या. आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. ती बहुधा काही म्हणालीच नसेल.

मला तेव्हा त्याचं वाईट वाटलं नाही. मला विंगेत बसायला आवडायचं. केस कापलेले, अंगात वडिलांचा जुना शर्ट, पायात स्लीपर, आणि सगळं नाटक माझ्या हातात.

मी बारावीत गेले त्या वर्षी ती आली. तिचे वडील लष्करात अधिकारी, नुकतीच बदली होऊन जयपूरला आलेले. सतराव्या वर्षापर्यंत तिची सात शहरं बदलून झाली होती आणि प्रत्येक शहराने तिच्या मराठीचा थोडा थोडा भाग ठेवून घेतला होता. "मी तुला खूप याद करते" असं ती बोलायची. पण दिसायला देखणी, आवाज स्वच्छ, आणि लोकांसमोर उभी राहिली की लोक तिच्याकडे बघायचे. दोन वर्षं नायिकेच्या भूमिकेकडे डोळे लावून बसलेल्या मुलींना डावलून काकूंनी तिला नायिका केलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं सगळ्या जणी म्हणाल्या. मी म्हटलं नाही, कारण मला पहिल्याच दिवशी काहीतरी झालं होतं.

तिच्या वाक्यांची जबाबदारी माझ्यावर पडली. तिला अर्थ समजावून सांगायचा, उच्चार घोटून घ्यायचे. ती आमच्या घरी यायची. लष्करी वस्तीतून तिलक नगरापर्यंत रिक्षा करून, स्वतःच्या मर्जीने, दुपारी अडीचला, आठवड्यातून तीनदा. आई दार उघडायची, तिला पन्हं द्यायची आणि आम्हाला माझ्या खोलीत सोडून शिकवण्यांच्या वह्या तपासायला बसायची. ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. दार आई उघडायची.

प्रेम कसं होतं ते मला सांगता येत नाही, पण कुठे झालं ते सांगता येतं. काकूंच्या घरामागच्या जिन्यावर. आत पहिला अंक चालू असायचा, त्यात तिचं काम नव्हतं आणि त्या पोरांना वाक्यं चोख पाठ होती, म्हणून आम्ही दोघी बाहेर. तिच्या फोनवर एक इंग्रजी कादंबरी होती, आमच्याच वयाच्या दोन मुलींची. कुठल्यातरी बर्फाच्या देशातली शाळा, तिथे प्रत्येकाला स्वतःचं कुलपाचं कपाट, आणि त्या कपाटांपाशी एकमेकींकडे बघणाऱ्या त्या दोघी. आम्ही बेचाळीस डिग्रीत घाम पुसत बर्फाबद्दल वाचायचो. ती वाचून दाखवायची, मी तिच्या अंगठ्याकडे बघायची. त्या पुस्तकातली एक मुलगी आधी सगळ्यांसारखी राहायची, मग हळूहळू बदलत जायची, केस कापायची, भावाचे कपडे घालायची आणि शेवटी तिला आरशातली मुलगी ओळखीची वाटायची. ते पान वाचून झाल्यावर तिने फोन खाली ठेवला आणि माझा हात धरला. बराच वेळ धरला. आत कुणाचीतरी एन्ट्री चुकली आणि काकू ओरडल्या, तरी तिने सोडला नाही.

"हे आपलं आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण इथे उलटं करायला लागेल. मतलब, तू अशी राहशील ना, तर सगळ्यांना कळेल."

मी उलटं केलं. पुस्तकातली पोरगी केस कापून स्वतःची झाली, मी केस वाढवून तिची झाले. तिने मला सगळं शिकवलं. पाऊल लहान टाकायचं. बसताना गुडघे जवळ. हसताना तोंड पूर्ण उघडायचं नाही. मी कानात पुन्हा काड्या घालून बुजत आलेली भोकं मोकळी केली, आणि तिने स्वतःचे चांदीचे झुमके आमच्या घरी, आईसमोर, माझ्या कानात घातले. आईला इतका आनंद झाला की तिने मला बापू बाजारात नेऊन तीन कुर्ते घेतले. "आता कशी शहाण्यासारखी दिसतेस," असं म्हणून तिने माझ्या खांद्यावरची ओढणी सारखी केली. सतरा वर्षांत आईने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. एका मुलीवर प्रेम करण्यासाठी मी मुलीसारखी दिसायला लागले आणि त्यामुळे आई माझ्यावर खूश झाली, यातली गंमत मला तेव्हा कळायला हवी होती.

प्रयोगाला आठ दिवस राहिले असताना तिच्या आईने तिच्या फोनवरचे माझे मेसेज बघितले.

रविवारी सकाळी अकराला त्या तिघी आमच्या घरी आल्या. ती, तिची आई, आणि मध्यस्थ म्हणून काकू. वडील हॉस्पिटलमध्ये होते. आईने चहा केला, चिवडा काढला. तिची आई अत्यंत सभ्य बाई. आवाज चढवला नाही की वाईट शब्द वापरला नाही. रुमालाने चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "ताई, मुलींचं वयच असं असतं. पण तुमच्या मुलीने जरा जास्तच केलंय. आमची साधी आहे, तिला नाही म्हणता आलं नाही."

मी तिच्याकडे बघितलं. ती चिवड्याच्या बशीकडे बघत होती. तिच्या आईने तिला कोपराने हलकेच ढोसलं, आणि तिने वाक्य म्हटलं. घोकलेलं होतं, मला लगेच कळलं, तिची घोकलेली वाक्यं मी चांगली ओळखत होते. "ही माझ्या मागे लागली होती. रोज मेसेज करायची. मला भीती वाटायची, म्हणून मी काही बोलले नाही."

आता मला काय हवं होतं ते स्पष्ट सांगते, कारण माझं सगळं त्यावर अडकलेलं होतं. आईने त्या मेसेजबद्दल मला माफ करावं, असं मला वाटत नव्हतं. आईने मला समजून घ्यावं, अशीही अपेक्षा नव्हती. मला फक्त एवढंच हवं होतं की आईने म्हणावं, 'अहो, पण तुमची मुलगी तर आमच्याकडे आपणहून यायची. मीच दार उघडायचे.' एक वाक्य. ते खरं होतं आणि ते फक्त आईलाच माहीत होतं. मी बोलले असते तर चोराच्या उलट्या बोंबा झाल्या असत्या. मी आईकडे बघत बसले. आई तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती. मग तिने किटली उचलली आणि समोरच्या बाईंच्या कपात आणखी चहा ओतला.

"आम्ही बघतो," आई म्हणाली. बस.

काकूंनी निवाडा दिला. बाहेर कुठे बोलायचं नाही. मी मंडळात यायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, नंबर काढून टाकायचा. सगळं ठरलं आणि मग काकूंच्या लक्षात आलं की पुढच्या रविवारी प्रयोग आहे. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. प्रॉम्प्टिंगला दुसरं होतंच कोण? त्यांना स्वतःला पडदा आणि एन्ट्र्या सांभाळायच्या होत्या. बाकीच्या पोरांना वहीतली ओळ वाचेपर्यंत पुढचं पात्र म्हातारं झालं असतं. मोठ्यांपैकी आईला प्रत्येक अक्षर पाठ होतं, पण प्रमुख पाहुण्यांशेजारी बसून त्यांचं आदरातिथ्य करायचं काम तिच्याकडे होतं, ते कुणी बदलायला तयार नव्हतं.

"तेवढा प्रयोग हिलाच करू दे, वहिनी," काकू आईला म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. "ही पडद्यामागेच असते, त्यामुळे तसा प्रश्न नाही. हिने फक्त वहीत बघायचं."

शहाणी माणसं ही. ज्या पोरीच्या तोंडावर दार लावलं, तिच्याच हातात सगळ्या नाटकाची मान दिली, आणि वर चिवडा खाऊन गेली. गरज सरेपर्यंत वैद्य हवा होता.

ते आठ दिवस मी अतिशय आनंदात होते. इतका आनंद मला त्या जिन्यावरही झाला नव्हता. आईला वाटलं मी ऐकलं, सुधारले. मी कुर्ता घालून, गुडघे जवळ घेऊन जेवायला बसायची आणि मनात योजना करायची. पहिला विचार आला तो चुकीचं वाक्य द्यायचा. दुसऱ्या अंकात असताना तिसऱ्यातलं वाक्य टाकलं असतं तर ती डोळे झाकून म्हणाली असती. पण त्यात माझा हात दिसला असता. मग मी ठरवलं की काहीही द्यायचं नाही. गप्प बसायचं. आमच्या घरी सगळ्यांना जमतं, मलाही जमलं पाहिजे.

जागा मला ठाऊक होती. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नायिका तिचं लग्न परस्पर ठरवणाऱ्या वडिलांना म्हणते, "बाबा, मी तुमची मुलगी आहे, तुमच्या घरातलं सामान नव्हे. मला विचारल्याशिवाय मला कुठे ठेवायचं ते ठरवू नका." नाटकातलं सगळ्यात मोठ्या टाळीचं वाक्य. 'सामान नव्हे' झालं की ती अडायची. प्रत्येक तालमीला अडायची. 'नव्हे' हा शब्द तिच्या तोंडात बसायचा नाही, तो कसाबसा बाहेर काढण्यात तिची सगळी शक्ती जायची आणि पुढचं पुसलं जायचं. मी शंभर वेळा तिला "मला विचारल्याशिवाय" दिलं होतं.

प्रयोग एका शाळेच्या हॉलमध्ये होता. डॉक्टर, प्राध्यापक, लष्करातली कुटुंबं, सगळे नटूनथटून आलेले. दारात फुलांची रांगोळी, मागे मोदकांचे डबे. पाहुण्यांचं भाषण झालं, त्यांनी परप्रांतात मराठी टिकवल्याबद्दल आमचं कौतुक केलं. तिसऱ्या रांगेत बसलेली आई मला विंगेतून दिसत होती. मोरपंखी साडी, मांडीवर पर्स, शेजारी पाहुणे.

पहिला अंक मी जीव ओतून केला. एक पोर अडलं नाही. दुसऱ्यात ती आली, हिरवी नऊवारी, केसांत गजरा. तिने एकदा विंगेकडे बघितलं. मी मान हलवली, आहे मी, काळजी करू नकोस, अशी. तिचा चेहरा सैल झाला. ती अडायच्या आधीच मी शब्द देत होते, इतके की तिने घोकलेलं आठवायचाही प्रयत्न सोडला आणि नुसती माझ्या आवाजावर चालायला लागली. मला हेच हवं होतं.

"बाबा, मी तुमची मुलगी आहे," ती म्हणाली. "तुमच्या घरातलं सामान नव्हे."

मी बॅटरी बंद केली आणि वही मिटली.

ती थांबली. आधी लोकांना वाटलं अभिनय आहे. मग तिने विंगेकडे डोळे वळवले. मी तिच्याकडे सरळ बघत होते, आणि मी काय करते आहे ते तिला कळलं. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. नाटकातल्या बापाने दाढीवरचा हात काढून पुन्हा ठेवला. मी मनात आकडे मोजत होते. अकरापर्यंत आले तेव्हा कुणीतरी खोकलं. चौदाला लष्करवाल्यांच्या रांगेत तिच्या आईने खुर्चीचा हात पकडला. मला त्यात जी मजा आली ती मी आजही विसरलेले नाही. मला पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण झाला नव्हता.

अठराला प्रेक्षकांतून आवाज आला.

"मला विचारल्याशिवाय."

स्वच्छ, खणखणीत, रविवारच्या वर्गातला आवाज. माझ्या आईचा. ती उभी राहिली होती. मोरपंखी साडी, हातात पर्स, आणि पूर्ण हॉलसमोर ती त्या पोरीला वाक्य देत होती. "मला विचारल्याशिवाय मला कुठे ठेवायचं ते. म्हण बाळा."

तिने म्हटलं. टाळ्या पडल्या. लोक हसले, प्रेमाने हसले, पाहुण्यांनीही टाळी वाजवली. पुढचा सगळा अंक आईने तिसऱ्या रांगेतून दिला. वही नव्हती तिच्याकडे, गरजच नव्हती, तिनेच लिहिलेलं सगळं. मी मिटलेली वही मांडीवर घेऊन बसून राहिले. काकू मागून आल्या आणि कुजबुजल्या, "झोप लागली होती का गं तुला?" मी सूड घेतला होता आणि तो झोप म्हणून खपला.

नाटक संपल्यावर काकूंनी आईला मंचावर बोलावून नारळ दिला. ती नऊवारी सावरत आली आणि आईच्या पाया पडली. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

घरी आम्ही माझ्या बॅटरीवरच्या स्कूटीने निघालो. दोघींच्या वजनाने ती गाडी चढावर दमायची, त्यामुळे बोलायला वेळ भरपूर होता.

"तू मुद्दाम केलंस," आई मागून म्हणाली.

"हो."

"असं करू नये. चारचौघांत कुणाला उघडं पाडू नये."

"मला पाडलं तेव्हा?"

बिर्ला मंदिर आलं, गेलं. घराच्या वळणावर मी गाडी थांबवली, पण उतरले नाही. मागे वळून बघितलं नाही. मी म्हटलं, "तिला एक वाक्य सुचेना तर तू उभी राहिलीस. मला तुझं एकच वाक्य हवं होतं. दार तू उघडायचीस, आई."

"तिचं वाक्य मला पाठ होतं गं," आई म्हणाली. "ते आपोआप आलं. तुझ्यासाठी काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं. मला कुणी ते शिकवलंच नव्हतं."

उत्तर चांगलं होतं. नऊ वर्षं मी ते उलटंपालटं करून बघते आहे आणि मला त्यात खोट सापडलेली नाही. ते खरंही असेल. तरी मी ते घेतलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीतल्या न्हाव्याकडे जाऊन केस कापून आले. झुमके तिच्या आईच्या पत्त्यावर पाकिटातून पाठवले. तीन कुर्ते कपाटात तसेच राहिले. आईने केसांकडे बघितलं आणि जेवायला वाढलं.

उन्हाळ्यात तिच्या वडिलांची बदली झाली आणि ती गेली. तिच्यावरचा माझा राग, खरं सांगायचं तर, त्या आधीच संपत आला होता. तीन वाक्यं खोटी बोलली ती, सतरा वर्षांची होती, शेजारी आई कोपर घेऊन बसलेली होती. माझ्या पहिल्या पुस्तकात मी तिला घातली, तिच्या नाकावर मोठी पुटकुळी दिली, तिला बारावीत नापास केली आणि विषय मिटवला. सूड असा स्वस्तात मिटला की बरं वाटतं. पण माझी आई तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होती. तिच्या शेजारी कोपर घेऊन कुणी बसलेलं नव्हतं.

आता मी पुण्यात राहते आणि कुमारवयीन मुलांसाठी कादंबऱ्या लिहिते, मराठीत. मुलींवर प्रेम करणाऱ्या मुली, मुलांवर प्रेम करणारी मुलं, आरशात वेगळंच कुणीतरी दिसणारी पोरं. तीन झाल्या. वाचणाऱ्या पोरांची पत्रं येतात, कधी कधी त्यांच्या आईबापांचीही. आई तिन्ही पुस्तकं वाचते, हातात पेन्सिल घेऊन, छपाईच्या चुका काढते आणि मला फोन करून पानांचे नंबर सांगते. माझ्याबद्दल ती आता चारचौघांत बोलते, असं वडिलांकडून कळतं. परवा काकूंनी काही विचारलं तेव्हा म्हणे ती म्हणाली, "माझ्या मुलीला मुली आवडतात, तुम्ही चहा घ्या." वडिलांनी मला हे फोनवर हसत सांगितलं. मी हसले नाही. वाक्य चांगलं होतं, नऊ वर्षं उशिरा आलं होतं.

गेल्या दिवाळीत मी जयपूरला गेले होते. आई गच्चीत उन्हात बसून तिसरं पुस्तक दुसऱ्यांदा वाचत होती. चष्मा कपाळावर सरकवून तिने विचारलं, "तुझ्या पुस्तकांतल्या मुलींना आई का नसते गं? एकीची मेलेली, एकीची परदेशात, हिची तर कुठे गेली तेच लिहिलेलं नाहीस."

"कथेत गरज नव्हती," मी म्हटलं.

"बरं," आई म्हणाली, आणि पेन्सिल घेऊन पुन्हा वाचायला लागली.

मी खोटं बोलले. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या खर्ड्यात आई असते. ती चार माणसांसमोर मुलीच्या बाजूने बोलते, आणि छान बोलते, काय बोलायचं ते मी तिला शिकवलेलं असतं. मग मी ती सगळी पानं काढून टाकते, आणि पुस्तक छापून आलं की पहिली प्रत आईला पाठवते.